छत तोलणारी माणसं

अंबाजोगाईच्या एखाद्या जुन्या देवळात भर दुपारी शिरलं, की क्षणभर काहीच दिसत नाही. मग डोळे सरावतात आणि काळ्या दगडाचे खांब एकेक करून पुढं येतात. आपण बहुतेक जण तसेच सरळ गाभाऱ्याकडे जातो, हात जोडतो, प्रदक्षिणा घालतो आणि बाहेर पडतो. या प्रकरणासाठी मात्र मंडपातच थांबायचं आणि मान वर करायची. खांब संपतो आणि छताची तुळई सुरू होते, त्या सांध्यावर नजर न्यायची. कुठं तिथं नागाची फणा कोरलेली असते, आणि कुठं एक बुटका माणूस बसलेला असतो.

तो उकिडवा बसलेला असतो. गुडघे फाकलेले, पोट पुढं आलेलं, मान खांद्यांत रुतलेली. दोन हात वर करून, काही ठिकाणी चार हात वर करून, त्यानं छत तोललेलं असतं. गाल फुगलेले आणि डोळे बाहेर आलेले, जड पोतं उचलताना श्वास कोंडून धरावा तसे. आणि एवढ्या कष्टातही गळ्यात हार, दंडात वाकी, कानांत कुंडलं. शिल्पकारानं त्याला राबवलं, पण उघडंबोडकं ठेवलं नाही.

मराठवाड्यात आणि एकूण महाराष्ट्रात याला कीचक म्हणतात. महाभारतातला कीचक म्हणजे विराट राजाचा मेहुणा, द्रौपदीवर हात टाकणारा आणि भीमाच्या हातून मेलेला. देवळातला हा बुटका तो नव्हे. मूर्तिशास्त्राचे अभ्यासक त्याला भारवाहक यक्ष किंवा भारपुत्रक म्हणतात. भारपुत्रक म्हणजे ओझ्याचं लेकरू. एका शब्दात त्याचा जन्म आणि त्याचं काम, दोन्ही आलं.

जगातल्या पुष्कळ संस्कृतींनी बुटक्या माणसांची एक दुनिया कल्पिली आहे. आजची पोरं कादंबऱ्यांतून, सिनेमांतून आणि व्हिडिओ गेममधून जे बुटके ओळखतात, ते लांब दाढीचे, डोंगराच्या पोटात राहणारे, कुऱ्हाड आणि हातोडा घेतलेले असतात. ते आले युरोपच्या उत्तर टोकाकडून. आपल्याकडची दुनिया त्याहून जुन्या शिल्पांत आणि कथांत आहे, आणि ती बीडच्या माणसाला एसटीनं जाऊन बघता येते. अशा कल्पित जमातीला ओळखायचं कसं? मला एक प्रश्न फार उपयोगी वाटतो. या बुटक्यांच्या डोक्यावर काय ठेवलंय?

दगड आणि ओझं

बीड शहरातलं पाण्यात उभं असलेलं कंकालेश्वर, धर्मापुरीचं केदारेश्वर, अंबाजोगाईची देवळं ही सगळी कल्याणीचे चालुक्य आणि देवगिरीचे यादव यांच्या काळातल्या बांधणीची. अंबाजोगाईत सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर याच्या नावाचं देऊळ आजही आहे. सर्वसामान्य माणूस या सगळ्यांना हेमाडपंती म्हणतो. या बांधणीत कमान नाही. खांब उभा करायचा, त्यावर आडवी तुळई टाकायची, तुळयांवर छताच्या शिळा रचायच्या.

आता दगडाचा स्वभाव असा, की तो दाब पुष्कळ सोसतो, पण ताण सोसत नाही. उभ्या खांबावर कितीही वजन ठेवा, तो सहजासहजी हूं की चूं करत नाही. तोच दगड दोन टेकूंवर आडवा टाकला, की मधोमध वाकायला बघतो, खालच्या अंगाला ताण पडतो आणि तिथून चीर जाते. दोन खांबांतलं अंतर जितकं जास्त, तितका धोका मोठा. म्हणून खांबाच्या डोक्यावर चारी बाजूंना पुढं आलेले दगडी हात बसवतात. तुळईला दोन्हीकडून थोडा आधार मिळतो आणि तिला अधांतरी पार करायचं अंतर तेवढं कमी होतं.

कीचक असतो तो नेमका या हातावर. आडव्या तुळईचं वजन उभ्या खांबात उतरतं, ती जागा त्याची. पाथरवटानं नक्षीसाठी मोकळी जागा दिसली म्हणून तिथं बुटका बसवला असं वाटत नाही. भार कुठून कुठं जातो हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि जिथं देऊळ सगळ्यात जास्त कष्ट करतं तिथंच त्यानं कष्टाचा चेहरा कोरला.

खजिन्याचे राखणदार

कीचकाचा पूर्वज बघायचा तर कन्नडजवळच्या पितळखोऱ्याला जावं लागतं. सातमाळ्याच्या डोंगरात इसवी सनाच्या आधीची बौद्ध लेणी आहेत. पैठणच्या मितदेव नावाच्या गांधिकाच्या, म्हणजे अत्तरं विकणाऱ्या व्यापाऱ्याच्या घराण्यानं दिलेल्या दानाचा लेख तिथं कोरलेला आहे. त्याच ठिकाणी एका बुटक्या यक्षाची मूर्ती सापडली. ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

हा यक्ष मोकळेपणी हसतो. गोल पोट, आखूड पाय, अंगावर दागिने, आणि दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेलं एक मोठं पात्र. त्याच्या हातावर ब्राह्मी लिपीत ओळ कोरलेली आहे. तिचा अर्थ असा, की हे काम कण्हदास नावाच्या सोनारानं केलं. महाराष्ट्रातल्या इतक्या जुन्या शिल्पांपैकी फार थोड्यांवर कारागिराचं नाव मिळतं. इथं ते मिळतं, आणि तेही एका बुटक्याच्या हातावर. सोन्याचे मणी घडवणाऱ्या माणसानं दगड हातात घेतला आणि यक्षाच्या गळ्यातला दागिना सोनाराच्या डोळ्यानं कोरला.

यक्ष ही आपल्याकडची सगळ्यात जुनी बुटक्यांची जमात म्हणावी लागेल. सगळेच यक्ष बुटके नसतात. कालिदासाच्या मेघदूतातला यक्ष प्रेमानं व्याकूळ झालेला, रामगिरीवर, म्हणजे पुष्कळांच्या मते आपल्या नागपूरजवळच्या रामटेकला, शापाचं वर्ष काढणारा देखणा पुरुष आहे. पण त्याचा धनी कुबेर ठेंगणा आणि ढेरपोट्या. कुबेर या नावाची एक जुनी फोडच अशी आहे, की ज्याचं बेर, म्हणजे शरीर, बेढब आहे तो कुबेर. देवांचा सगळा पैसा मात्र याच बेढब माणसाच्या ताब्यात. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात शंखनिधी आणि पद्मनिधी हे त्याचे खजिने चक्क दोन बुटक्या, गुबगुबीत यक्षांच्या रूपात बसलेले आहेत. धन म्हणजे नाणी किंवा पेट्या नव्हेत, धन म्हणजे ते सांभाळणारा बुटका, अशी ही कल्पना.

आभाळाचे चार कोपरे

आता उत्तर युरोपकडं वळू. 1220 च्या सुमारास आइसलँडमध्ये स्नोरी स्टर्लुसन या विद्वानानं तिकडच्या जुन्या देवकथा एका ग्रंथात बांधल्या. त्या कथेत इमिर नावाच्या आदिम राक्षसाला मारून देव त्याच्या देहातून जग करतात. मांसाची जमीन, रक्ताचा समुद्र आणि कवटीचं आभाळ. ही कवटी पडू नये म्हणून तिच्या चार कोपऱ्यांखाली चार बुटके उभे केले जातात. त्यांची नावं उत्तर, दक्षिण, पूर्व आणि पश्चिम अशीच आहेत. आपल्याकडं देवळाच्या छतावर आणि भिंतींवर दिक्पाल असतात, त्यांत उत्तरेचा दिक्पाल कुबेर. एकमेकांना कधी न भेटलेल्या दोन समाजांनी छत आणि आभाळ बुटक्यांच्या माथी दिलं, उत्तर दिशाही बुटक्याकडं सोपवली, हे वाचताना अंगावर काटा येतो.

तिकडचे बुटके लोहार आणि सोनार आहेत. ब्रोक आणि सिंद्री या भावांची गोष्ट फार नामी आहे. सिंद्री भट्टीत लोखंड टाकतो आणि ब्रोकला सांगतो, काहीही झालं तरी भाता थांबवू नको. लोकी हा खोडकर देव माशी होऊन ब्रोकच्या पापणीला डसतो. रक्त डोळ्यांत उतरतं, म्हणून ब्रोक क्षणभर हात काढून माशी झटकतो. तेवढ्यानं थोर नावाच्या देवाच्या हातोड्याचा दांडा आखूड राहतो. भात्याचा ताल चुकला की काम बिघडतं, हे कुठल्याही गावच्या लोहाराला सांगावं लागत नाही. ही कथा रचणाऱ्यानं भट्टीशेजारी बसून काम पाहिलं असणार.

याच परंपरेतून जे. आर. आर. टॉल्किन यांचे बुटके आले. टॉल्किन हे ऑक्सफर्डला जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक. 1937 साली त्यांची 'द हॉबिट' ही कादंबरी निघाली. तिच्यातल्या थोरिन आणि त्याच्या बहुतेक सोबत्यांची नावं, आणि गँडाल्फ या जादूगाराचंही नाव, त्यांनी एका जुन्या नॉर्स काव्यातल्या बुटक्यांच्या यादीतून घेतलं. पुढं त्यांनी या जमातीला स्वतःची भाषा दिली. सेमिटिक भाषांसारखी तीन व्यंजनांच्या धातूंवर उभी असलेली ही भाषा बुटके परक्यांना शिकवत नाहीत. प्रत्येकाचं एक खरं नाव असतं, आणि ते ना परक्याला सांगतात, ना थडग्यावर कोरतात. जग ज्या नावानं हाक मारतं ते निराळं.

टॉल्किन यांचं मोठेपण मला इथं दिसतं. बुटका म्हटला की कथेत तो हसण्यासाठी किंवा खजिन्यावर बसण्यासाठी यायचा. टॉल्किन यांनी त्याला मायबोली दिली, हरवलेलं घर दिलं आणि त्या घराकडं परत जाण्याची ओढ दिली. कल्पित जमात खरी वाटू लागते ती तिच्या दुःखामुळं.

साठ हजार आणि एक देठ

आपल्याकडं अशी संपूर्ण जमात शोधायची तर ती महाभारताच्या आदिपर्वात सापडते. वालखिल्य हे अंगठ्याएवढ्या उंचीचे ऋषी. संख्या साठ हजार. ते सूर्याच्या संगतीनं फिरतात आणि झाडाच्या फांदीला उलटे लटकून तप करतात.

कश्यपाच्या यज्ञाला समिधा आणायच्या होत्या. इंद्र डोंगराएवढी मोळी सहज घेऊन निघाला. वाटेत त्याला वालखिल्य दिसले. सगळे मिळून पळसाच्या एका पानाचा देठ ओढत होते. गाईच्या खुराच्या खळग्यात साठलेल्या पाण्यात ते अडकले होते आणि गटांगळ्या खात होते. इंद्र हसला आणि त्यांना ओलांडून पुढं गेला.

पळसाच्या पानांच्या पत्रावळी ज्यांनी लावल्या आहेत त्यांना तो देठ किती हलका असतो हे माहीत आहे. पण ओझं जड की हलकं, हे ते उचलणाऱ्याच्या अंगावरून ठरतं. वालखिल्य चिडले. त्यांनी दुसरा इंद्र निर्माण व्हावा म्हणून यज्ञ मांडला. इंद्र घाबरून कश्यपाकडं धावला. कश्यपानं त्यांची समजूत घातली, की तुमचं तप वाया जाणार नाही, पण हा नवा इंद्र पक्ष्यांचा असू दे. त्या संकल्पातून गरुड जन्मला, आणि पुढं त्यानं इंद्राला हरवून स्वर्गातून अमृत आणलं.

अमृत आणण्याआधीचा एक प्रसंग त्याहून हळवा आहे. गरुड एका प्रचंड वडाच्या फांदीवर बसतो आणि ती मोडते. त्याला दिसतं, की फांदीला वालखिल्य उलटे लटकलेले आहेत. तेव्हा तो ती फांदी चोचीत धरून उडत राहतो, त्यांना इजा न होता ती टाकता येईल अशी जागा मिळेपर्यंत. इंद्रानं ज्यांना ओलांडलं त्यांच्यासाठी गरुड तोंडातली फांदी सोडत नाही. बलवान कसा असावा आणि कसा नसावा, दोन्ही या एका कथेत आहे.

दीड हात उंचीचा देश

बुटक्यांच्या देशाचा एक पत्ता ग्रीकांनी थेट भारतात दिला होता. क्टेसियस नावाचा ग्रीक वैद्य इसवी सनापूर्वी 400 च्या सुमारास इराणच्या बादशहाच्या दरबारी होता. तो भारतात कधी आला नाही. ऐकीव गोष्टींवरून त्यानं भारताविषयी पुस्तक लिहिलं. मूळ पुस्तक हरवलं, पण नवव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलच्या फोटियस या धर्मगुरूनं केलेला त्याचा सारांश उरला.

त्यात लिहिलंय, की भारताच्या मध्यभागी काळ्या वर्णाचे बुटके लोक राहतात. उंचातला उंच दोन हात, बाकीचे दीड हात. त्यांचे केस आणि दाढी इतकी लांब, की तेच त्यांचं वस्त्र. मेंढ्या, गाढवं, घोडे सगळे त्यांच्याच मापाचे. ते ससे आणि कोल्हे मारायला कुत्रे वापरत नाहीत, कावळे, घारी आणि गरुड पाळतात. नेमबाजीत तरबेज असल्यानं त्यांतले तीन हजार भारताच्या राजाच्या पदरी आहेत. आणि ते फार न्यायी आहेत.

असा देश कधी नव्हता. पण कल्पना करणाऱ्यानं त्या लोकांना जनावरं दिली, शिकारीची रीत दिली, राजाकडं चाकरी दिली आणि न्यायबुद्धी दिली. दूरच्या अनोळखी माणसांविषयी ऐकीव बोलताना इतकं चांगलं बोललं जावं, हे आजही शिकण्यासारखं आहे.

हसणारे गण

आपल्या बुटक्यांत एक गोष्ट उत्तरेकडच्या लोहारांपेक्षा निराळी आहे. आपले बुटके नाचतात. शिवाभोवतीचे गण म्हणजे बुटक्यांची वरातच. वेरूळच्या लेण्यांत ते ढोल वाजवतात, एकमेकांच्या अंगावर पडतात, नंदीभोवती धुडगूस घालतात. धुमार लेण्यात रावण कैलास उचलायला बघतो तो देखावा आहे. वीस हातांचा रावण सगळी ताकद लावतोय, आणि एक बुटका गण त्याच्याकडं पार्श्वभाग करून त्याला चिडवतोय. जगातली सगळ्यात मोठी ताकद आणि सगळ्यात लहान गडी समोरासमोर आले, तेव्हा शिल्पकारानं बाजू घेतली ती लहानाची.

या बुटक्यांना शास्त्रात मापही ठरवून दिलेलं होतं. मूर्ती घडवताना चेहऱ्याची लांबी हे एक माप धरतात, त्याला ताल म्हणतात. देवांच्या मूर्ती साधारण नऊ तालांच्या, तर वामन आणि भूतगण चार तालांचे. ग्रंथागणिक थोडा फरक पडतो. गणपती पाच तालांचा. मोठं डोकं, मोठं पोट, आखूड पाय हे गणपतीचं रूप गणांच्याच घराण्यातलं आहे. नावच सांगतं, तो गणांचा पती. बीडजवळच्या नवगण राजुरीला गणपतीच्या दर्शनाला जाणारा माणूस त्या बुटक्यांच्या नायकापुढंच हात जोडत असतो. मराठी माणसाचं सगळ्यात लाडकं दैवत बुटक्यांच्या मापात घडलेलं आहे.

तीन पावलं

शेवटी ज्याला आपण सगळेच ओळखतो त्या बुटक्याकडं येऊ. बटू वामन बळीराजाच्या दारी येतो, तीन पावलं जमीन मागतो, एवढासा देह आभाळाला टेकवतो आणि तिसरं पाऊल बळीच्या डोक्यावर ठेवतो. मराठवाड्यातच, धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला, त्रिविक्रमाचं, म्हणजे आभाळाला टेकलेल्या याच वामनाचं, फार जुनं विटांचं देऊळ आहे.

आता सुरुवातीचा प्रश्न पुन्हा विचारू. डोक्यावर काय ठेवलंय? कीचकाच्या डोक्यावर छत आहे, पितळखोऱ्याच्या यक्षाच्या डोक्यावर पात्र आहे, नॉर्स बुटक्यांच्या डोक्यावर आभाळ आहे. वामनाच्या डोक्यावर काहीच नाही. इथं ओझं आलंय उंचापुऱ्या, दानशूर राजाच्या माथी. बुटका वाढला आणि ओझं झाला. उचलणारा ठरला बळी.

मराठी शेतकऱ्यानं या कथेत कुणाची बाजू घेतली, हे दिवाळीच्या पाडव्याला कळतं. पुराणात विजय वामनाचा आहे. पण घराघरांत बाई ओवाळते तेव्हा म्हणते, इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. 1873 साली महात्मा जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिलं, त्यात बळी हा या भूमीचा न्यायी राजा आणि वामन हा बाहेरून आलेला आक्रमक ठरला. फुल्यांनी ती मांडणी केली तेव्हा शेतकऱ्याच्या तोंडी बळीचं नाव आधीपासून होतं. देहाची उंची कुणाची किती, हे शेतकऱ्यानं मोजलंच नाही. त्यानं पाहिलं, की डोकं कुणाचं दबलंय.

दगडातल्या आणि पुराणातल्या बुटक्यांविषयी इतकं बोलल्यावर हाडामांसाच्या माणसांविषयी बोललंच पाहिजे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं प्रौढपणी 147 सेंटिमीटर, म्हणजे 4 फूट 10 इंच किंवा त्याहून कमी उंची राहण्याच्या शारीरिक किंवा आनुवंशिक स्थितीला दिव्यांगत्वात धरलं आहे. अशी माणसं कुठल्या वेगळ्या जमातीची नसतात, ती आपल्याच घरात जन्मतात. त्यांना एसटीची पायरी उंच पडते, बँकेची खिडकी उंच पडते, आणि चौकात हाक ऐकू येते ती नावाची नसते. गणपतीपुढं हात जोडणाऱ्या आणि वालखिल्यांची गोष्ट सांगणाऱ्या समाजानं इंद्रासारखं हसून पुढं जाऊ नये.

आणि बीडच्या माणसाला आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या गावागावांतून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडं एक कोयता म्हणतात. नवरा तोडतो, बायको मोळी बांधते. मग डोक्यावर चुंबळ ठेवून ती मोळी उचलली जाते आणि ट्रकला लावलेल्या फळीवरून तोल सांभाळत वर चढवली जाते. मोळी डोक्यावर येते त्या क्षणी मान खांद्यांत रुतते, गाल फुगतात, डोळे बाहेर येतात. हातात बांगड्या असतात, गळ्यात मंगळसूत्र असतं.

तो चेहरा आपल्या ओळखीचा आहे. खोलेश्वराच्या काळातल्या कुठल्याशा पाथरवटानं तो पाहिला होता, आणि छताचा सगळा भार जिथं उतरतो तिथं तो कोरून ठेवला. पुढच्या वेळी देवळात गेलात, तर गाभाऱ्याकडं जाण्याआधी त्याच्याकडं एकदा बघा.